हा तोच खेळ का? नव्या आवृत्तीची जुन्या आवृत्तीशी तुलना



मागच्या दोन व्याख्यानांत आपण एक जुना वाद पाहिला. एखादी वस्तू बदलत असते, तरी ती 'तीच' आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? नैयायिक म्हणतात, आपल्याला ओळख पटते, 'हा तोच देवदत्त' असं ज्ञान होतं, आणि हे ज्ञानच वस्तूच्या स्थिरतेचा पुरावा आहे. बौद्ध म्हणतात, तसं नाही. दिव्याची ज्योत आपल्याला रात्रभर एकच दिसते, पण दर क्षणी जळणारी ज्योत वेगळी असते. सारखेपणामुळे आपण फसतो आणि सारखेपणालाच एकपणा म्हणतो. या क्षणांच्या ओळीला ते 'संतान' म्हणतात. एकामागून एक येणारी, एकमेकांना जन्म देणारी, पण एक नसलेली अशी ओळ.

आज मी याच वादासाठी एक नवं उदाहरण घेणार आहे, आणि ते ऐकून काहींना हसू येईल. उदाहरण आहे बेसबॉलच्या व्हिडिओ गेमचं. माझा नातू अमेरिकेत वाढतो आहे. त्यानं मला एकदा विचारलं, "आजोबा, माझ्याकडे मागच्या वर्षीचा गेम आहे, आता नवा आलाय. दोन्ही एकच आहेत की वेगळे?" बघा, मुलानं न्यायशास्त्र वाचलेलं नाही, पण प्रश्न शंभर टक्के न्यायशास्त्राचा विचारला. मग मी त्याच्याकडून दोन्ही खेळ नीट समजून घेतले. त्यातून जे हाती लागलं ते आज मांडतो.

आधी वस्तूची ओळख. खेळाचं नाव 'एमएलबी द शो'. एमएलबी म्हणजे मेजर लीग बेसबॉल, अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धा. कॅनडातला टोरांटोचा संघही तीत खेळतो. सोनी कंपनीचा सॅन डिएगो स्टुडिओ हा खेळ बनवतो. 'द शो' हे नाव २००६ सालच्या आवृत्तीपासून लागलं आणि तेव्हापासून दर वर्षी, साधारण हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, नवी आवृत्ती येते. नावात फक्त आकडा बदलतो. मी तुलनेसाठी २३ आणि २४ या दोन आवृत्त्या घेतल्या आहेत. पहिली मार्च २०२३ मध्ये आली, दुसरी मार्च २०२४ मध्ये. त्यानंतर आणखीही आवृत्त्या आल्या, पण मुद्दाम ही जोडी निवडली, कारण दोन्ही हंगाम आता संपले आहेत. जाहिरातीचा गोंगाट थांबला की तुलना शांतपणे करता येते.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. क्रीडा-खेळांच्या बाजारात एकेकाळी बेसबॉलचे बरेच गेम होते. 'एमव्हीपी बेसबॉल' ही मालिका होती, तिची व्यावसायिक लीगवरची शेवटची आवृत्ती २००५ ची. 'एमएलबी टू-के' ही मालिका २०१३ मध्ये थांबली. त्यानंतर खऱ्या खेळाडूंसह, खऱ्या मैदानांसह, बारकाव्यानं बेसबॉल खेळू देणारा मोठा गेम जवळजवळ हा एकच उरला. म्हणजे काय झालं? या खेळाला बाहेर प्रतिस्पर्धी उरला नाही. त्याचा खरा प्रतिस्पर्धी एकच, त्याचीच मागच्या वर्षीची आवृत्ती. गिऱ्हाइकासमोर निवड असते ती याच दोघांमध्ये. म्हणून ही तुलना नुसती हौस नाही. नव्या प्लेस्टेशनवर खेळायचा तर यांची किंमत सत्तर डॉलरच्या आसपास होती. विद्यार्थ्याच्या खिशाला ती लागते.

आता तुलना करायची कशी? सर्वसाधारण पद्धत अशी, की नव्यात काय-काय 'आलं' याची यादी करायची. दहा गोष्टी आल्या, म्हणजे नवा चांगला. या पद्धतीत मोठी गफलत आहे. आपल्याकडे भेद सांगताना तीन प्रश्न विचारायची शिस्त आहे. भेद कशात आहे? तो कशापासून आहे? आणि कोणत्या धर्माच्या बाबतीत आहे? पहिल्याला अनुयोगी म्हणतात, दुसऱ्याला प्रतियोगी, आणि तिसरा प्रश्न ढोबळमानानं अवच्छेदकाचा. 'नवा वेगळा आहे' एवढं म्हणून वाक्य पुरं होत नाही. कोणत्या बाबतीत वेगळा, ते सांगा. मी चार बाबी घेतो: नियम, माणसं, स्मृती आणि मालकी.

पहिली बाब, नियम. २०२३ साली खऱ्या बेसबॉलमध्येच मोठे बदल झाले. आपल्या क्रिकेटच्या भाषेत सांगतो. गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, चेंडू टाकायला वेळेची मर्यादा आली. बेसवर धावपटू नसेल तर १५ सेकंद, असेल तर २० सेकंद. बेस म्हणजे ज्या चौकोनी उशीवर धावपटू पोचतो, तिची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली. आणि आतल्या क्षेत्ररक्षकांना एकाच बाजूला गोळा करायला बंदी आली. दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खेळाडू हवेतच. याचा परिणाम असा झाला की नऊ डावांचा सामना सरासरी सुमारे २४ मिनिटांनी आटोपशीर झाला. हे सगळे नियम २३ च्या आवृत्तीत आले. म्हणजे २२ खेळून २३ हातात घेणाऱ्याला फरक ठळक जाणवला असणार. पण या फरकाचं श्रेय कोणाला? खेळ बनवणाऱ्यांना थोडं, आणि बेसबॉलच्या नियम-समितीला बरंच.

२०२४ साली खऱ्या खेळात असा मोठा भूकंप नव्हता. धावपटू बेसवर असतानाची मर्यादा २० वरून १८ सेकंद झाली, असे लहान बदल होते. त्यामुळे २४ च्या आवृत्तीला वेगळेपण स्वतःच्या बळावर कमवावं लागलं. क्षेत्ररक्षणात एक सोय आली, की अवघड झेलाच्या क्षणी वेळ साधून बटण दाबायचं आणि झेल साधायचा. हालचालींचं चित्रण सुधारलं. पण प्रामाणिकपणे पाहिलं तर बॅट फिरवणं, चेंडू टाकणं, याचा गाभा तोच राहिला. नातवाचं यावरचं म्हणणं असं, की पहिल्या तासाभरात त्याच्या बोटांना काहीच नवं शिकावं लागलं नाही. बोटांना ओळख पटली, 'हा तोच खेळ'. नैयायिकांची बाजू इथं जड.

दुसरी बाब, माणसं. इथं गंमत आहे. नवा खेळ घेण्याचं सगळ्यात मोठं कारण लोक सांगतात ते म्हणजे ताजे संघ. कोण कुठल्या संघात गेला, कोणाचा फॉर्म कसा, हे अद्ययावत हवं. पण जुनी आवृत्तीही गोठलेली नसते. हंगाम चालू असताना खेळाडूंचे गुणांक पुन्हा-पुन्हा सुधारले जातात, संघबदल नोंदले जातात. म्हणजे मार्च २०२३ मधली २३ ची आवृत्ती हा त्या वर्षाबद्दलचा अंदाज होता. त्याच वर्षी टेक्सास रेंजर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, तोवर ती त्या वर्षाची नोंद झाली होती. आपण म्हणतो गेम 'जुना झाला'. खरं पाहता हंगाम संपतो तेव्हा तो पुरा होतो. आणि नेमका पुरा झाला की त्याच्यावरचं काम थांबतं, सगळे पुढच्या अंदाजाकडे वळतात.

शोहेई ओहतानीचं उदाहरण घ्या. हा जपानी खेळाडू फलंदाजीही करतो आणि गोलंदाजीही, तेही सर्वोच्च पातळीवर. २०२३ साली तो एंजल्स संघात होता. त्यानं ४४ होमरन मारले आणि पिचर म्हणून १० सामने जिंकले. डिसेंबर २०२३ मध्ये त्यानं डॉजर्स संघाशी १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करार केला. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ च्या हंगामात त्यानं एकही चेंडू टाकला नाही, पण ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले. एकाच हंगामात दोन्ही आकडे पन्नासच्या वर नेणारा तो पहिलाच. आता २३ उघडलं तर एंजल्सचा ओहतानी दिसतो, २४ उघडलं तर डॉजर्सचा. कपडे वेगळे, आकडे वेगळे, पण 'हा तोच ओहतानी' असं आपण बेधडक म्हणतो. आणि ते बरोबर आहे, कारण खरा माणूस एक आहे. देवदत्त पुण्यात दिसला, मग काशीत दिसला, तरी देवदत्त एकच.

पण खेळाच्या आवृत्तीबद्दल तसं म्हणता येईल का? मला वाटतं, नाही. ओहतानी हा देवदत्त आहे, आणि 'द शो' ही ज्योत आहे. ओहतानी एंजल्समधून डॉजर्समध्ये 'गेला'. २३ ची आवृत्ती मात्र २४ मध्ये 'गेली' नाही. ती मागे राहिली, आणि तिच्याजवळ दुसरी पेटली. नाव एकच असल्यामुळे आपल्याला वाटतं, आपलीच वस्तू वाढून मोठी झाली. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

तिसरी बाब, स्मृती. या जोडीतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट इथं आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगचे दरवाजे कित्येक दशकं बंद होते. त्यांनी स्वतःच्या लीग उभ्या केल्या. १९२० मध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकारानं कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. नीग्रो लीग हे त्या काळचं नाव, इतिहासात तेच रूढ आहे. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला तेव्हा ती भिंत फुटली.

२३ च्या आवृत्तीनं या लीगवर एक वेगळा विभाग सुरू केला. कॅन्सस सिटीत नीग्रो लीग्स बेसबॉल म्युझियम आहे, त्याचे अध्यक्ष बॉब केंड्रिक प्रत्येक खेळाडूची गोष्ट सांगतात, आणि मग तुम्ही त्या खेळाडूच्या आयुष्यातले प्रसंग स्वतः खेळता. पहिल्या वर्षी सॅचेल पेज, जॅकी रॉबिन्सन, बक ओनील, रूब फॉस्टर अशी माणसं होती. पेज यांना मेजर लीगमध्ये पहिला चेंडू टाकायला १९४८ साल उजाडलं, तेव्हा त्यांचं वय ४२ होतं. २४ च्या आवृत्तीनं पुढचा अध्याय जोडला: जॉश गिब्सन, बक लेनर्ड, हँक ॲरन आणि टोनी स्टोन.

गिब्सनपाशी जरा थांबू. हा त्या लीगमधला सर्वांत धडाकेबाज फलंदाज. जानेवारी १९४७ मध्ये तो वारला, वय ३५. रॉबिन्सन मैदानात उतरला तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये. तीन महिन्यांचं अंतर. त्याला मेजर लीगमध्ये कधीच खेळता आलं नाही. आता पुढचं ऐका. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगनं जाहीर केलं, की १९२० ते १९४८ या काळातल्या सात नीग्रो लीग 'मेजर' दर्जाच्याच मानल्या जातील. मे २०२४ च्या अखेरीस त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले गेले, आणि कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत सगळ्यात वर नाव आलं ते गिब्सनचं. त्याची सरासरी ०.३७२. इतकी वर्षं त्या जागी टाय कॉब होता, ०.३६७ वर. २४ ची आवृत्ती या घटनेच्या दोन महिने आधीच घराघरांत पोचली होती. म्हणजे ज्या मुलांनी गिब्सनचा अध्याय खेळला होता, त्यांना बातमी आली तेव्हा 'हा कोण?' असं विचारावं लागलं नाही.

इथं एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. मे २०२४ मध्ये भूतकाळ बदलला का? नाही. गिब्सननं जे फटके मारले ते तेव्हाच मारले होते. बदललं ते आपलं मोजणं. नोंदवहीचीसुद्धा आवृत्ती असते, आणि तिचीही मागच्या आवृत्तीशी तुलना करावी लागते. फक्त तिथं जुनी आवृत्ती चूक होती असं आपण म्हणू शकतो. गेमच्या बाबतीत असं म्हणता येत नाही. २३ चुकीची नाही, ती फक्त आधीची आहे. 'आधीचं' आणि 'चुकीचं' हे दोन शब्द बाजारात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

टोनी स्टोनचंही सांगतो. ही बाई १९५३ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स संघातून पुरुषांबरोबर व्यावसायिक बेसबॉल खेळली. आदल्या वर्षी हँक ॲरन त्याच संघात होता. २४ मध्ये ती इतिहासातलं पात्र म्हणून आहे. आणि त्याच आवृत्तीत पहिल्यांदा असं झालं, की स्वतःचा खेळाडू घडवून त्याची कारकीर्द खेळायच्या विभागात तुम्ही स्त्री-खेळाडू निवडू शकता आणि तिला मेजर लीगपर्यंत नेऊ शकता. मेजर लीगमध्ये अजून कोणी स्त्री खेळलेली नाही. म्हणजे एकाच तबकडीवर, झालेलं आणि व्हावंसं वाटणारं, दोन्ही शेजारी ठेवलंय. एखाद्या मुलीच्या दृष्टीनं पाहिलं तर २३ आणि २४ मधला हा भेद बाकीच्या सगळ्या भेदांपेक्षा मोठा आहे. २३ मध्ये तिला दुसऱ्याच्या अंगात शिरून खेळावं लागत होतं.

आता चौथी बाब, मालकी. आतापर्यंत मिळकतीची बाजू झाली. खर्चाची बाजू कोणी लिहीत नाही. या खेळात 'डायमंड डायनेस्टी' नावाचा विभाग आहे. त्यात खेळाडूंची पत्ती गोळा करून आपला संघ बांधायचा. त्यासाठी 'स्टब्स' नावाचं खेळातलं चलन लागतं. ते खेळून मिळवता येतं, नाहीतर खरे पैसे देऊन विकत घेता येतं. २३ मध्ये वर्षभर जमवलेली पत्ती २४ मध्ये येत नाहीत. शिल्लक स्टब्सही येत नाहीत. नवं वर्ष, कोरी पाटी. आणखी एक. २०१४ च्या आवृत्तीनं अशी सोय दिली होती, की आपली चालू कारकीर्द पुढच्या वर्षीच्या खेळात नेता येत असे. २०२१ च्या आवृत्तीपासून ती सोय काढून घेतली गेली. आणि काही काळानं जुन्या आवृत्तीचे सर्व्हर बंद होतात, मग तिचे ऑनलाइन भाग संपतात.

मघाशी म्हटलं ते इथं लागतं. ती सोय होती तोवर खेळाडूच्या हातातली कारकीर्द देवदत्तासारखी होती. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जायची. सोय गेली तेव्हा कारकीर्दही ज्योत झाली. हे कोणी वाईट हेतूनं केलं असं मी म्हणत नाही. नव्या यंत्रांवर जुना साठा चालवणं अवघड असतं, हे मी समजू शकतो. पण परिणाम असा, की ज्या वस्तूचा एकमेव प्रतिस्पर्धी तिची जुनी आवृत्ती आहे, तिथं जुनीची किंमत कमी होत जाणं नवीच्या पथ्यावर पडतं. 'नव्यात हे आलं' या यादीत हा मुद्दा कधीच नसतो, कारण तो अभाव आहे, आणि अभाव जाहिरातीत दाखवता येत नाही. आपल्या नैयायिकांनी आणि भाट्ट मीमांसकांनी अभावालाही ज्ञानाचा विषय मानलं, ते उगीच नाही. जमिनीवर घडा नाही, हेही ज्ञानच आहे. तुलना करणाऱ्यानं 'काय नाही' हेही पाहायला हवं.

आता दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली चिठ्ठी: "सर, मग नवा घ्यावा की नाही?" उत्तर प्रत्येकाच्या अवच्छेदकावर आहे. एकट्यानं सामने खेळायचे, बॅट-बॉलची मजा घ्यायची, एवढंच हवं असेल तर या जोडीत जुना पुरेसा होता. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं असेल, तर सगळे जिथं गेले तिथं जावं लागतं, तो निर्णय तुमचा एकट्याचा राहत नाही. आणि गिब्सन, टोनी स्टोन यांच्या गोष्टींसाठी किंवा घरातल्या मुलीसाठी घेणार असाल, तर २४ मध्ये खरोखर नवं काही होतं. नातवाला मी एवढंच सांगितलं, की कागदावर दोन रकाने कर. काय मिळेल एकात, काय मागे राहील दुसऱ्यात. दुसरा रकाना आधी भर.

दुसरी चिठ्ठी जरा खोचक आहे: "बौद्धांचं खरं मानलं तर जुनी पत्ती गेल्याचं दुःख कशाला?" छान प्रश्न. बौद्ध हे म्हणतील, की आसक्ती सोडा. मान्य. पण सगळं क्षणिक आहे हे मला आतून उमगणं वेगळं, आणि दुसऱ्या कोणीतरी माझी ज्योत वर्षाला एकदा फुंकर मारून विझवणं वेगळं. पहिलं ज्ञान आहे, दुसरा व्यवहार आहे. व्यवहारात किंमत आधी सांगितली पाहिजे, आणि ती विचारायचा हक्क घेणाऱ्याला आहे. क्षणभंगवाद हा विक्रेत्याच्या बचावाचा मुद्दा होऊ शकत नाही.

पुढच्या वेळी अभावाचाच विषय सविस्तर घेऊ. त्याआधी एक करून पाहा. घरातली दरवर्षी नव्यानं येणारी एखादी वस्तू घ्या, पंचांग असेल, पाठ्यपुस्तकाची सुधारित आवृत्ती असेल, फोन असेल. तिची मागच्या वर्षीशी तुलना चार बाबींत करा, आणि चौथी विसरू नका.